मोठ्या फाईलचे भाग कसे पाडावेत



आपल्या शाळेतील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारल्यास जनरल रजिस्टर हेच उत्तर द्यावे लागेल. गावातील माणसाची जन्मतारीख, जन्मस्थळ व जात यांचा जुना पुरावा पुष्कळदा त्या एका ओळीतच असतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जीर्ण रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. त्यापूर्वी २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात सावित्रीचे पाणी शिरले, तेव्हा कागदाचे आयुष्य किती क्षणभंगुर असते तेही आपण पाहिले. म्हणून रजिस्टरे स्कॅन करून ठेवणे इष्टच होय. परंतु स्कॅन केलेली तीनशे पानांची एकच फाईल म्हणजे गाठोडे होते. ते पाठविता येत नाही आणि त्यातून हवे ते चटकन सापडतही नाही. तिचे भाग पाडणे अवश्य असते. ते कसे पाडावेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम फाईल इतकी मोठी का होते ते पाहू. ए-४ आकाराचे पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले असता त्यात सुमारे ८७ लक्ष बिंदू येतात. ते रंगीत असून तसेच साठविले तर एका पानास सुमारे २६ एमबी जागा लागेल. संगणक ते दाबून पुष्कळ लहान करतो हे खरे. तथापि पाने शेकड्यांनी असली म्हणजे बेरीज मोठीच होते. जीमेलने तर २५ एमबीपर्यंतचेच जोडपत्र जाते.

भाग पाडण्याची कृती सोपी आहे. संगणकावर क्रोममध्ये फाईल उघडावी, 'प्रिंट' ही आज्ञा द्यावी आणि छपाईयंत्राऐवजी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' हा पर्याय निवडावा. 'पाने' या जागी हव्या त्या पानांचे क्रमांक घालावेत व नव्या नावाने फाईल जतन करावी. यास इंटरनेट लागत नाही. फुकट भाग पाडून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. परंतु तेथे रजिस्टर चढविणे म्हणजे गावातील शेकडो माणसांची माहिती अनोळखी हाती देणे होय. ते कटाक्षाने टाळावे.

खरा प्रश्न कृतीचा नसून कोठे तोडावे हा आहे. याबाबत माझीच चूक सांगतो. एका शाळेस मी सल्ला दिला, "पन्नास-पन्नास पानांचे भाग करा." गुरुजींनी तसे केले. पुढे मुंबईस नोकरीनिमित्त राहिलेल्या एका माजी विद्यार्थ्याने उतारा मागितला, तेव्हा पहिल्या भागात त्याचे नाव व जन्मतारीख सापडली, पण शाळा सोडल्याची तारीख काही केल्या दिसेना. कारण साधे होते. त्या रजिस्टरात एका मुलाची नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली होती. वेष्टन हे फाईलचे पहिले पान धरल्यामुळे २ व ३, ४ व ५ अशा जोड्या झाल्या आणि पन्नासाव्या पानावर केलेला छेद ५० व ५१ या जोडीच्या मधोमध गेला. त्या गृहस्थाचे काम आठवडाभर अडून राहिले. ५१व्या पानाअखेर तोडले असते तर काहीच बिघडले नसते.

वीरच्या वाचकांस याचा दाखला दूर शोधावयास नको. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, वीर ते खेड १९९५ साली, आणि संपूर्ण मार्ग १९९८ साली. एवढे मोठे काम तुकड्यांनी झाले. पण प्रत्येक तुकडा स्थानकापासून स्थानकापर्यंत होता, म्हणूनच पुढचा मार्ग व्हावयाचा असतानाही तो वापरता आला. फाईलचा भागही असाच स्थानकावर संपावा.

यावरून पुढील नियम ध्यानी ठेवावेत.

(१) मूळ अखंड फाईल कधीही पुसू नये. तिची एक प्रत शाळेबाहेर, उंच व कोरड्या जागी ठेवावी. डिजिटल सहीची फाईल तोडल्यास तुकड्यांवर ती सही ग्राह्य राहत नाही, हेही लक्षात असावे.

(२) सारख्या पानसंख्येवर न तोडता रजिस्टराचा खंड, वर्ष वा अनुक्रमांक जेथे पूर्ण होतो तेथे तोडावे. जुन्या रजिस्टरांवर १९६२ पूर्वीच्या बोर्डाचे आणि १९८१ पूर्वीच्या 'कुलाबा' जिल्ह्याचे नाव आढळेल. नवे रजिस्टर तेथे सुरू झाले असल्यास तीही सोयीची सीमा होय.

(३) प्रत्येक भागाच्या नावातच त्याचा पत्ता असावा; उदाहरणार्थ, 'जनरल रजिस्टर, खंड ०२, अनुक्रमांक ०४०१ ते ०५००'. आधी शून्ये लिहिल्याने भाग ओळीने लागतात. नुसते 'भाग १' असे नाव दोन वर्षांनी कोणासही उमगत नाही.

(४) भाग पाडून झाल्यावर सर्व भागांच्या पानांची बेरीज मूळ फाईलशी ताडून पाहावी, आणि प्रत्येक भागाचे पहिले व शेवटचे पान उघडून वाचावे.

(५) उतारा मागणारास त्याच्या नोंदीचाच उतारा द्यावा. शंभर जणांच्या जाती व जन्मतारखा असलेला भाग मोबाईलवरून कोणासही धाडू नये.

या कामास एक दुपार पुरते. पण पुढे एखादा वृद्ध पालक नातवाच्या दाखल्यासाठी आपले नाव शोधीत शाळेच्या पायरीशी येईल, तेव्हा त्यास रिकाम्या हाती परत जावे लागणार नाही.

— शिक्षण विस्तार अधिकारी