आधी पायांवर तांब्याभर पाणी

स्नानगृहाच्या उंबरठ्यावर आई थबकली. आत वाफ दाटली होती, गंधकाचा उग्र वास येत होता आणि भिंतीलगत दोन बुटकी लाकडी स्टुले व दोन लहान घंगाळी मांडून ठेवली होती. "अगं, हे तर आपल्या जुन्या न्हाणीघरासारखंच आहे," ती म्हणाली. ७६ व्या वर्षी, रक्तदाबाची गोळी आणि दुखरे गुडघे सोबत घेऊन, ती प्रथमच परदेशी आली होती. टोकियोत नोकरीला असलेल्या नातीने आजीसाठी कुसात्सु या डोंगरगावी दोन रात्रींचा मुक्काम ठरवला होता.

कुसात्सु हे गुन्मा प्रांतातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडे खाली वसले आहे. गावाच्या मध्यभागी 'युबाताके', म्हणजे शब्दशः 'उष्णोदकाचे शेत' आहे. उगमापाशी ५० अंश सेल्सिअसच्याही पुढे असलेले पाणी तेथे लाकडी पन्हळींतून खेळवून निववले जाते. त्यात थंड पाणी मिसळले तर खनिजांचे प्रमाण घटेल, म्हणून लांब फळ्यांनी पाणी घुसळून ते निववण्याचीही जुनी रीत आहे. तिला 'युमोमी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये वैद्यकशास्त्र शिकवणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्ट्स यांनी या पाण्याची आणि येथील हवेची महती युरोपपर्यंत पोहोचवली.

विश्रांतीचे वेळापत्रक

अशा गावांतील पारंपरिक निवासाला 'रिओकान' म्हणतात. दुपारी तीनच्या सुमारास आपण पोहोचतो. पादत्राणे दाराशी राहतात. खोलीत गवती चटयांची जमीन असते, तिला 'तातामी' म्हणतात. तेथे बसवून प्रथम चहा आणि एखादा गोड पदार्थ दिला जातो. हा उपचार केवळ आदरातिथ्याचा नाही. प्रवासाने थकलेल्या, रिकाम्या पोटीच्या माणसाला उष्ण पाण्यात भोवळ येऊ शकते. घोटभर पेय आणि चार घास त्याला सावरतात. मग 'युकाता' हा सुती झगा अंगावर चढतो, स्नान होते, संध्याकाळी लवकर जेवण होते आणि तोवर खोलीत गाद्या अंथरल्या जातात.

जपानमध्ये 'तोजी' नावाची स्नानचिकित्सेची परंपरा आहे. कापणी आटोपल्यावर शेतकरी कुटुंबे शिधा घेऊन डोंगरातील झऱ्यांवर जात आणि सात दिवसांच्या एकेका आवर्तनाने तेथे राहत. स्नान थोडे आणि विश्रांती अधिक, असे त्या मुक्कामाचे स्वरूप असे. फार वेळा पाण्यात उतरल्याने येणाऱ्या ग्लानीला जपानी भाषेत स्वतंत्र नाव आहे: 'युआतारी', म्हणजे पाणी बाधणे. आपल्याकडे ऊन बाधते, तसेच हे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

सामुदायिक स्नानगृहात स्त्रिया व पुरुष वेगवेगळे, परंतु विवस्त्र होऊन उतरतात. आईला ते रुचणारे नव्हते. अनेक रिओकानांत तासाभरासाठी कुटुंबापुरते स्नानगृह राखून घेता येते, तसे आम्ही घेतले. ज्यांना आधाराशिवाय चालता येत नाही, त्यांच्यासाठीही हीच सोय उत्तम, कारण मुलगा आईसोबत किंवा पत्नी पतीसोबत आत जाऊ शकते.

प्रथम स्टुलावर बसून सर्वांग साबणाने स्वच्छ धुवायचे. हौद धुण्यासाठी नसून केवळ बसण्यासाठी असतो. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे 'काकेयु'. हौदातील ऊन पाणी घंगाळ्याने घेऊन आधी पायांवर, मग हातांवर, शेवटी खांद्यांवर ओतायचे. आईला हे शिकवावे लागले नाही. लहानपणी तिच्या आजीने 'आधी पायांवर तांब्याभर पाणी' हेच सांगितले होते. त्वचेला आणि रक्तवाहिन्यांना उष्णतेची ओळख हळूहळू व्हावी, हा त्यामागचा हेतू.

मी तिची पाठ चोळली. कित्येक वर्षांत तिने मला ते करू दिले नव्हते. घरी आधाराचा हात पुढे केला की ती तो दूर सारते. येथे मात्र एकमेकांची पाठ धुणे ही जुनीच रीत असल्याचे नातीने तिला सांगितले होते, म्हणून तिला त्यात परावलंबन वाटले नाही.

जोडवी आणि मंगळसूत्र खोलीतच ठेवले होते. कुसात्सुचे पाणी गंधकयुक्त आणि तीव्र आम्लधर्मी आहे, त्याने चांदी काळी पडते. अशा पाण्याने वृद्धांची पातळ त्वचाही चुरचुरते. जखम किंवा इसब असल्यास उतरण्यापूर्वी विचार करावा आणि त्वचा नाजूक असल्यास शेवटी साध्या पाण्याने अंग धुवावे.

चूक कोठे झाली

पहिल्या स्नानानंतर गुडघे हलके वाटले, रात्री झोपही गाढ लागली. उष्णतेने स्नायू सैलावतात आणि पाण्यात शरीराचा भार कमी होतो, म्हणून सांधेदुखीत काही काळ आराम पडतो. त्यामुळे झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या सुखाच्या ओढीने आई रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा पाण्यात उतरली. ते त्या दिवसातले तिसरे स्नान होते. जेवण नुकतेच झाले होते, गोळीही घेतली होती. मी अडवले नाही. पंधरा मिनिटांनी ती एकदम उठून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी शेजारीच होते म्हणून तिला सावरता आले. बाकावर आडवे करून पाय उंच ठेवले, थोड्या वेळाने पाणी पाजले. काही मिनिटांत ती भानावर आली, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

त्यामागील कारण साधे आहे. उष्ण पाण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. बुडलेल्या पायांवर असलेला पाण्याचा दाब रक्ताला हृदयाकडे ढकलत असतो. आपण झटकन उभे राहिलो की तो दाब नाहीसा होतो, रक्त पायांत उतरते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. जेवणानंतर रक्ताचा ओघ पोटाकडे असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणामही त्यात मिळतो. याउलट थंडीत गार खोलीत कपडे उतरवले की रक्तदाब चढतो आणि पाण्यात शिरताच घसरतो. हिवाळ्यात स्नानगृहात दगावणाऱ्या वृद्धांची चिंता जपानलाही आहे. म्हणूनच तेथील ग्राहक संरक्षण यंत्रणा सांगते: पाणी ४१ अंशांपर्यंत, बसणे १० मिनिटांपर्यंत, कपडे बदलण्याची जागा आधी उबदार, आणि स्नानाला जाताना घरातल्यांना कल्पना.

हा इशारा स्नानगृहाच्या भिंतीवरही होता. कायद्यानुसार तेथे पाण्याचे पृथक्करण आणि कोणी स्नान टाळावे याची यादी लावावी लागते. ताप, किंचित हालचालीनेही धाप लागेल असा हृदयाचा वा फुप्फुसांचा गंभीर विकार, सूज आणणारा मूत्रपिंडाचा गंभीर आजार, तीव्र रक्तक्षय, रक्तस्राव ही त्यातील काही कारणे. वृद्धांनी, तसेच उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा पूर्वी पक्षाघात झालेल्यांनी ४२ अंश व त्याहून उष्ण पाणी टाळावे, असेही तेथे सुचवलेले असते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये. तापमापक वापरावा किंवा सोबत्याने आधी हात घालून पाहावे.

जाण्यापूर्वी सांगून ठेवावे

जमिनीवर बसता-उठता येत नसल्यास पलंग व खुर्चीची खोली आरक्षणाच्या वेळीच मागावी. पायऱ्या, उद्वाहन आणि आधाराचे कठडे यांची चौकशी करावी. जेवण देखणे, पण सोया सॉस, मिसोचे सार आणि लोणच्यांमुळे खारट असते. रक्तदाबाच्या रुग्णाने सार अर्धे सोडावे. शाकाहारींनी विशेष स्पष्ट सांगावे, कारण भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा. ज्यांना पूर्ण स्नान वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी युबाताकेजवळ पाय सोडून बसण्याचे कुंड आहे. शेवटच्या सकाळी आई तेथेच बसली, आणि तिला ते पुरेसे वाटले.

घरी परतल्यावर आम्ही न्हाणीघरात एक भक्कम स्टूल आणि भिंतीला कठडा बसवला. थंडीत आधी ऊन पाणी सोडून खोली उबदार करतो, कडी लावत नाही. रविवारी पाणी काढले की आई आतून हाक मारते, "पाठ चोळायला ये गं." मी गेले की ती आधी स्वतःच पायांवर तांब्याभर पाणी घेते.