सिगारेट फक्त फुप्फुस खात नाही. पुरुषाच्या ताठरतेवरही घाव घालते

उलवे (ता. पनवेल) : सिगारेटने कॅन्सर होतो हे पाकिटावरच्या फोटोमुळे पोरासोरांनाही माहीत झालंय. पण त्याच सिगारेटने पुरुषाच्या लिंगाची ताठरता कमी होते, हे टपरीवर कुणी बोलत नाही. लाज वाटते. मग माणूस गुपचूप भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतला नंबर फिरवतो, पैसे घालवतो. घरी बायकोला वाटतं, यांचं आपल्यावरून मन उडालं. आणि सिगारेट चालूच राहते. म्हणून हा विषय सरळ शब्दांत.

ताठरता येते कशी?

मनात इच्छा आली की मेंदूकडून खाली निरोप जातो. तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि लिंगातल्या स्पंजासारख्या भागात रक्त भरतं. भरलं की रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. खारबांधाची उघाडी बंद झाली की पाणी आत अडून राहतं, तसं रक्त अडतं. हा वायू शरीरात काय काम करतो हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं.

सिगारेट काय बिघडवते?

निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आवळतात. धुरातली विषारी द्रव्यं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब करतात, त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड कमी बनतो. वर्षानुवर्षं ओढत राहिलं की आत चरबीचा थर साचतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मध्यमवयीन पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी २४ टक्के लोकांना मध्यम ते पूर्ण स्वरूपाचा हा त्रास सुरू झाला, न ओढणाऱ्यांत १४ टक्के. बिडीचा धूरही तसाच. तंबाखू-मशेरीला धूर नसला तरी निकोटिन असतंच.

ही हृदयाचीही घंटा आहे

ठिबक केलेल्या शेतकऱ्याला माहीत आहे, कचरा आला की आधी बारीक नळी चोंदते, मेन लाइन नंतर. लिंगाची रक्तवाहिनी साधारण १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४ मिलिमीटरची. म्हणून ताठरतेचा त्रास बऱ्याचदा हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधी दिसतो. असा त्रास सुरू झाला तर बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्याच. डायबेटीस असून सिगारेट ओढणाऱ्याला धोका जास्त.

मग करायचं काय?

एखाद्या वेळी जमलं नाही म्हणजे आजार नव्हे. थकवा, दारू, टेन्शन यानेही तसं होतं. पहाटे झोपेत ताठरता येत असेल तर कारण बहुतेक मनातलं. तीही येत नसेल आणि त्रास तीन महिन्यांहून जास्त चालला असेल तर डॉक्टर गाठा. सरकारी दवाखान्यात दाखवा किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. डॉक्टरला सिगारेट किती ओढता ते खरं सांगा.

मेडिकलमधून परस्पर ताकदीची गोळी आणू नका. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ती घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो.

सिगारेट सोडली की काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारायला लागतं. वय कमी आणि सवय थोड्या वर्षांची असेल तर ताठरता सुधारण्याची शक्यता चांगली. फार वर्षं ओढलेल्याचं सगळं नुकसान भरून येईलच असं नाही, पण पुढचं थांबतं. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. ते दोन-चार आठवड्यांत कमी होतं.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत. नंबर तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो. पुढची सिगारेट काढण्याआधी तो एकदा लावून बघा.