पदकाचा फोटो सगळ्यांनी पाहिला, त्यामागचे 62 किलोमीटर कोणी मोजले?

ऑगस्ट 2024 मधला तो फोटो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर येऊन गेला असेल. पॅरिस ऑलिम्पिकचा समारोप, गळ्यात सुवर्णपदक आणि डोक्यावर हिजाब घेतलेली एक धावपटू. नाव सिफान हसन, देश नेदरलँड्स. यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडूंना या स्पर्धेत हिजाब घालायला मनाई केली होती, म्हणून या फोटोची चर्चा जगभर झाली. गैरसमज नको म्हणून सांगतो, ही मनाई फक्त फ्रान्सच्या खेळाडूंना होती, सिफानने कुठलाही नियम मोडला नव्हता. शर्यतीत ती हिजाब घालून धावली नव्हती, पदक घेताना तो घातला. पण या सगळ्या चर्चेत ती नेमकी काय करून तिथे पोहोचली, हे बाजूलाच राहिलं.

सिफानचा जन्म 1993 चा, इथिओपियातल्या अदामा शहरातला. 2008 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ती निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली. नवी भाषा, नवं हवामान. तिथे तिने नर्सिंगचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि सोबत धावणंही. 2011 मध्ये आइंडहोवनची अर्धमॅरेथॉन तिने जिंकली, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. 2013 च्या अखेरीस तिला डच नागरिकत्व मिळालं.

इथून पुढे तिचं वेगळेपण समजायला धावण्याचं थोडं गणित पाहावं लागेल. 1500 मीटर म्हणजे मैदानाच्या पावणेचार फेऱ्या. चार मिनिटांचा खेळ, त्यात वेग आणि शेवटची उसळी महत्त्वाची. मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरची. तिथे दोन-सव्वादोन तास शरीरातलं इंधन पुरवून वापरावं लागतं; साधारण तीस किलोमीटरनंतर साठवलेली साखर संपत येते आणि पाय शिशासारखे जड होतात. एकासाठी केलेला सराव दुसऱ्याला मारक ठरू शकतो. म्हणून कोच मंडळी सांगतात की अंतर एकच निवड, नाहीतर शेजारचं. सिफानने हे कधी मनावर घेतलं नाही.

2019 च्या जुलैमध्ये मोनॅकोत तिने एक मैल 4 मिनिटं 12.33 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत 1500 आणि 10,000 मीटर अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली. एकाच जागतिक स्पर्धेत ही जोडी कोणी जिंकली नव्हती, पुरुषांतही नाही. 10,000 मधले शेवटचे 1500 मीटर तर तिने चार मिनिटांच्या आत कापले! ही तिची ठरलेली पद्धत. सुरुवातीला सर्वांत मागे रेंगाळायचं, मग हळूहळू पुढे सरकायचं आणि शेवटच्या फेरीत सुटायचं. पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. दोहाची स्पर्धा चालू असतानाच तिचे कोच अल्बर्टो सालाझार यांच्यावर डोपिंगच्या नियमभंगावरून चार वर्षांची बंदी आली. ती प्रकरणं सिफान त्यांच्याकडे येण्यापूर्वीची होती आणि तिच्यावर आरोप नव्हता, तरी प्रश्न तिलाच विचारले गेले. त्यानंतर ती टिम रोबेरी यांच्यासोबत सराव करू लागली.

टोकियोत तिने तीन शर्यतींत नाव दिलं. नऊ दिवसांत सहा वेळा धावणं, एकूण साडेचोवीस किलोमीटर. 2 ऑगस्ट 2021 ची सकाळ आठवा. 1500 च्या प्राथमिक फेरीत शेवटचा फेरा सुरू होताना पुढची खेळाडू पडली, तिला अडखळून सिफानही पडली. उठली आणि सगळ्यांना मागे टाकून ती फेरी जिंकली. त्याच रात्री 5,000 चं सुवर्ण! पुढे 1500 मध्ये कांस्य, 10,000 मध्ये सुवर्ण.

आमच्या मते तिची सर्वांत मोठी परीक्षा मात्र लंडनला झाली. 23 एप्रिल 2023, आयुष्यातली पहिली मॅरेथॉन, ईदनंतर दोनच दिवसांनी. तयारीचे शेवटचे आठवडे रमजानमध्ये गेले होते. रोज्यात धावताना पाण्याची बाटली घ्यायचा सराव कसा होणार? आपल्या घरात जे रोजे ठेवून क्रिकेट खेळतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. शर्यतीत कमरेजवळ दुखू लागलं, ती चक्क थांबली, पाय ताणले, परत धावली, परत थांबली. पुढच्या खेळाडू वीसेक सेकंद दूर गेल्या. टीव्हीवर पाहणाऱ्यांना वाटलं, संपलं. तिने त्यांना गाठलं आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर 1500 मीटरचा तो जुना वेग काढून 2 तास 18 मिनिटं 33 सेकंदांत जिंकली. त्याच ऑक्टोबरमध्ये शिकागोत वेळ होती 2:13:44.

सगळंच जमलं असं नाही. 2023 च्या बुडापेस्टमध्ये 10,000 ची शर्यत संपायला काही पावलं उरलेली असताना, आघाडीवर असताना ती पडली आणि अकरावी आली.

मग पॅरिस. 5,000 मध्ये कांस्य, 9 ऑगस्टच्या रात्री 10,000 मध्ये कांस्य, आणि 11 तारखेला सकाळी आठला मॅरेथॉन. मध्ये जेमतेम दीड दिवस. प्राथमिक फेरी धरून एकूण 62 किलोमीटर. मार्ग चढउतारांचा, आधीच्या दोन शर्यती का धावलो, याचा पश्चात्ताप वाटेत होत होता, असं तिने नंतर सांगितलं. शेवटच्या काही मीटरवर इथिओपियाच्या टिगस्ट असेफाशी खांद्याला खांदा भिडला, आणि 2:22:55 या ऑलिम्पिक विक्रमासह सिफान तीन सेकंदांनी जिंकली. इथिओपियाची तक्रार फेटाळली गेली. एकाच ऑलिम्पिकमध्ये या तिन्ही अंतरांत पदक घेणारा तिच्याआधीचा खेळाडू 1952 चा एमिल झाटोपेक.

31 ऑगस्ट 2025 ला तिने सिडनी मॅरेथॉन जिंकली. नऊ आठवड्यांनी न्यूयॉर्कलाही उतरली. तिथे सहावी आली.