वरची खोली आणि प्राध्यापकाचा पगार

माझी भाची नांदेडहून आली ती दोन पत्रं घेऊनच. एक आयटी कंपनीतल्या नोकरीचं, दुसरं हैदराबाद विद्यापीठातल्या पीएचडी प्रवेशाचं. चहा व्हायच्या आत तिनं विचारलं, "मावशी, पुढे प्राध्यापक झाले तर गच्चीबावलीत राहणं परवडेल का गं?"

आमच्या काचीगुड्याच्या घरात पूर्वी हा प्रश्न कुणाला पडला नसता. प्राध्यापक म्हणजे खाऊनपिऊन सुखी, एवढंच आम्हाला ठाऊक. विद्यापीठही तेव्हा जवळच होतं. १९७४ साली ते सुरू झालं ते सरोजिनी नायडूंच्या 'गोल्डन थ्रेशोल्ड' या घरात. मग गच्चीबावलीच्या खडकाळ माळावर गेलं. आता त्या माळाभोवती आयटी कंपन्या आहेत आणि तिथलं घरभाडं त्यांच्या पगारावर ठरतं, मास्तरांच्या नाही.

कागद-पेन घेऊन बसलो. केंद्रीय विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. जानेवारी २०२४चे दर धरले तर महागाई भत्ता ५० टक्के, म्हणजे २८,८५०. हैदराबाद 'एक्स' वर्गातलं शहर, म्हणून घरभाडे भत्ता ३० टक्के, १७,३१०. प्रवास भत्ता, त्यावरच्या महागाईसकट, १०,८००. एकूण १,१४,६६०. त्यातून पेन्शनसाठी ८,६५५ कापले जातात, प्राप्तिकर निराळा.

"मग झालं की!" फोनवरून तिची आई म्हणाली.

भाड्याच्या घरापुरतं झालंच. घरभाडे भत्त्यात वरून भर घालावी लागेल, पण संसार चालेल. विद्यापीठातलं क्वार्टर मिळालं तर भत्ता जातो, पण रोजची धावपळ वाचते. एका पगारावर तिथे फ्लॅट विकत घेणं मात्र मला कठीण दिसतं.

खरी अडचण हा पगार सुरू होण्याआधीची आहे. नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००. ती नसेल तर केंद्रीय विद्यापीठातली नॉन-नेट फेलोशिप महिना ८,०००. आठ हजारांत गच्चीबावलीत काय होतं, हे मी तिला सांगायची गरज नव्हती.

पीएचडीनंतरही कायम जागा लगेच निघेलच असं नाही. मधली वर्षं अतिथी अध्यापक म्हणून जातात. यूजीसीने २०१९ साली ठरवलेला दर एका तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,०००. म्हणजे महिन्यात तेहतीस-चौतीस तास मिळाले तर ते पन्नास हजार. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. घरमालक काही मे महिन्याचं भाडं सोडत नाही!

अशा वेळी आपल्या जुन्या घरांचा हिशेब कुणी मांडत नाही. आजोबांनी बांधलेल्या घरात राहणारा तरुण अध्यापक "भागतं हो" म्हणतो, तेव्हा त्यातलं भाडं आजोबांनी भरलेलं असतं. ज्याचं गावात घर नाही, त्याने त्याच्या शब्दावर जाऊ नये.

भाचीला जेआरएफ आहे. तिनं पीएचडी निवडली. आमची वरची खोली रिकामीच होती. सुलतान बझारहून मेट्रो, एमजीबीएस आणि अमीरपेटला गाडी बदलून रायदुर्ग, पुढे बस किंवा रिक्षा. लांब पडतं. पण तिनं एक अट घातली: महिन्याला तीन हजार मी घ्यायचेच. पहिल्या महिन्याचे माझ्या देव्हाऱ्यापाशी ठेवलेत, अजून उचललेले नाहीत.