बेंझिडीन : रक्त ओळखणारे विष

वडीगोद्रीच्या शिवाराला कापूस नवा नाही. पण त्याच्या सुतावर रंग कसा चढतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. पूर्वी तुरटीसारखा रंगबंधक लावल्याखेरीज बहुतेक रंग सुताला धरत नसत. 1884 मध्ये बोटिगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काँगो रेड शोधला. मीठ घातलेल्या गरम पाण्यात सूत बुडविले की हा रंग थेट चढे. श्रम वाचले, पैसा वाचला. या रंगाचा पाया म्हणजे बेंझिडीन.

दवाखान्याच्या प्रयोगशाळेतही त्याला मान होता. लघवीत किंवा शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधावयाचे असले की नमुन्यात ॲसेटिक आम्लात विरघळविलेले बेंझिडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालीत. रक्तातील हिमोग्लोबिनच्या मदतीने पेरॉक्साइडचा प्राणवायू बेंझिडीनवर क्रिया करी आणि निळा रंग उमटे.

आता दैवदुर्विलास पाहा. रंगाच्या कारखान्यात हीच भुकटी श्वासावाटे व कातडीतून कामगाराच्या अंगात जाई, लघवीबरोबर मूत्राशयात उतरे आणि तेथील अस्तराला कर्करोग जडवी. त्या रोगाची पहिली खूण बहुधा कोणती? लघवीतून न दुखता जाणारे रक्त!

ब्रिटनमध्ये 1954 साली केस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीने बेंझिडीनवरचा दोष पक्का केला. 1990 च्या दशकात अहमदाबादच्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा नुसते तयार रंग हाताळणाऱ्यांच्याही लघवीत त्याचे अंश आढळले. म्हणजे असा रंग शरीरात पुन्हा फुटतो व मूळ विष मोकळे होते. भारत सरकारने 1993 मध्ये बेंझिडीनच्या 42 रंगांवर आणि 1997 मध्ये आणखी 70 ॲझो रंगांवर बंदी घातली.

मग प्रश्न मिटला काय? नाही. हा रोग वीस-वीस वर्षे दडून बसतो. तोवर कामगार गावी परतलेला असतो, हजेरीपटावर नाव उरत नाही, कधी कारखानाच बंद पडलेला असतो. भरपाईच्या कायद्याने मूत्राशयाच्या या रोगाला व्यवसायजन्य मानले. पण आपण त्या खात्यात होतो, हे दाखविणार कशाने?

म्हणून संघटनेच्या सभांत मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत आलो. आपल्या भागातून डोंबिवली-अंबरनाथच्या रसायन कारखान्यांत जे कोणी राबले असतील, त्यांनी पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड, नोकरीचा दाखला जपून ठेवावा. लघवीत रक्त दिसले तर ‘उष्णता झाली’ म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टर वय विचारतात, व्यसन विचारतात; काम विचारतीलच असे नाही. ते आपण होऊन सांगावे.