कावीळ उशिरा सांगते

यकृत बिघडलंय हे कसं कळतं, असं विचारलं की बहुतेक जण डोळ्यांकडे बोट दाखवतात. दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपॅटायटिस 'ए' आणि 'ई'मध्ये ते बऱ्याच अंशी खरं आहे. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, मग गडद लघवी आणि मागोमाग पिवळे डोळे. यातली 'ए'ची कावीळ बहुतेकांत आपली आपण ओसरते, आणि गावोगावचे कावीळ उतरवणारे जगतात ते त्यावरच. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून ठेवायचा, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळं होतं आणि कावीळ 'उतरते'. गर्भवतीला झालेली 'ई'ची कावीळ मात्र जिवावर बेतू शकते. तिथे कावीळ उतरवणाऱ्याने दिलेली माळ गळ्यात घालून दिवस काढणं भयंकर आहे.

पण आजची मोठी काळजी वेगळी आहे. फॅटी लिव्हर, दारू, हेपॅटायटिस 'बी' आणि 'सी' हे सगळे यकृताला वर्षानुवर्षं पोखरतात आणि त्यांत कावीळ येते ती अगदी शेवटी. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाही, दुखतं ते फक्त वरचं आवरण ताणलं गेलं तर. शिवाय या अवयवाची शिल्लक ताकद अफाट. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो. लाल तळवे, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या, पायांवर सूज, पोटात पाणी ही लक्षणं मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांत 'सुरुवातीची' म्हणून दिलेली असतात. ती बहुधा सिरॉसिसची, म्हणजे व्रणांनी यकृत कडक झाल्याची असतात. काळी शी, रक्ताची उलटी किंवा दिवसा झोप, रात्री जाग आणि बोलण्यात गोंधळ असेल, तर थेट इस्पितळ गाठायचं.

मग सुरुवात दिसते कुठे? कपाटातल्या जुन्या रिपोर्टमध्ये. समजा, वय ५२, यकृताची एन्झाइम एसजीओटी ५८ आणि एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ४० हजार. प्रत्येक आकडा मर्यादेच्या जरासाच अलीकडे-पलीकडे, म्हणून 'थोडंसं वाढलंय' म्हणत फाइल मिटते. आता हे चारही एकत्र मांडा. वयाला एसजीओटीने गुणलं की ३०१६. एसजीपीटीचं वर्गमूळ ७. त्याला हजारांतल्या प्लेटलेटने, म्हणजे १४०ने गुणलं की ९८०. भागाकार येतो जवळपास ३.०८. हा 'फिब-४' निर्देशांक, २००६ साली मांडला गेलेला. १.३च्या खाली असेल तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७च्या वर गेला तर यकृततज्ज्ञाला दाखवायला हवं. पस्तिशीच्या आत तो फारसा भरवशाचा नाही आणि पासष्टीनंतर निकष बदलतात.

यात प्लेटलेट कशा आल्या, हा भाग मला फार आवडतो. व्रणांनी यकृत कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून नीट वाहत नाही, मागे तुंबतं. त्याने प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. म्हणजे साध्या सीबीसीतला तो आकडा यकृताबद्दल बोलत असू शकतो, आणि आपण तो फक्त डेंग्यूच्या तापात पाहतो!

रिपोर्टच नसेल तर कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर, स्त्रीत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. मानेच्या मागची त्वचा काळपट, मखमली झाली असेल तर तो घासून जाणारा मळ नव्हे. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुधा खूण असते, आणि तिथेच फॅटी लिव्हरही सापडतं. मधुमेह असेल तर तपासणी टाळूच नये. 'बी' आणि 'सी'साठी मात्र रक्ताची वेगळी चाचणी लागते; 'बी'ला लस आहे, 'सी' गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

आणि 'लिव्हर साफ करणारे' काढे? कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये केली. फॅटी लिव्हरवरचा खरा उपाय वजनकाट्यावर आहे: ८० किलोच्या माणसाने सावकाश ६ ते ८ किलो उतरवले, तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही घटतात; ८ किलो किंवा त्याहून जास्त उतरवणाऱ्या अनेकांत व्रणही मागे हटतात.