वाट देण्याची विद्या

२७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात, भर रस्त्यात उभी असलेली गाडी बाजूला घ्यावी एवढ्याच मागणीवरून बाचाबाची झाली, तिचे पर्यवसान हातघाईत झाले, आणि बँकेकडे निघालेले ६५ वर्षांचे एक गृहस्थ त्यानंतर मृत्यू पावले. प्रतिपक्षात क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू होते, म्हणून ते प्रकरण देशभर गाजले. खालच्या न्यायालयातून निर्दोष सुटका, उच्च न्यायालयात सजा, सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली केवळ इजा केल्याबद्दल एक हजार रुपयांचा दंड, आणि मयताच्या कुटुंबीयांच्या फेरविचार अर्जावर १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी, असा तो खटला ३३ वर्षे चालला. ज्या मागणीचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला असता, तिच्या परिणामांचा निकाल लागण्यास एक पिढी जावी, ही गोष्ट रस्त्यावर वाहन काढणाऱ्या प्रत्येकाने मनाशी नीट धरून ठेवावी अशी आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, खंबाटकीच्या घाटात किंवा पुण्यातील एखाद्या गजबजलेल्या चौकात रोज जे कलह उद्भवतात, त्यांचे मूळही इतकेच क्षुल्लक असते. कोणी कट मारलेला असतो, कोणी साईड दिलेली नसते, कोणाचा आरसा घासलेला असतो. घरी आणि कचेरीत सौजन्याने वागणारा मनुष्य स्टिअरिंगवर बसताच इतका अनावर का होतो, याचा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॅक कॅट्झ यांनी लॉस एंजेलिसच्या वाहनचालकांशी बोलून केला आणि १९९९ साली ग्रंथरूपाने मांडला. चालकाच्या ठायी गाडी ही शरीराचाच विस्तार होऊन बसते, म्हणून गाडीसमोर कोणी आडवे आले की तो आघात त्याला स्वतःच्या देहावर झाल्यासारखा वाटतो. आणि ज्याने तो केला त्याचा चेहरा दिसत नाही, आपले बोलणे त्याला ऐकू जात नाही, दिसते ती केवळ पाठमोरी गाडी. पायी चालताना धक्का लागला तर एका ओशाळ्या हास्याने जो प्रसंग निभावतो, त्याला काचेआड वाव उरत नाही.

हा क्रोध आंधळा असतो असे आपण समजतो, परंतु तो पुष्कळदा डोळस असतो. अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातील सिग्नलपाशी, हिरवा दिवा लागल्यावरही एक गाडी मुद्दाम जागची हलू दिली नाही. ती गाडी जुनाट व साधी असता मागच्या चालकांपैकी ८४ टक्क्यांनी हॉर्न वाजविला; ती नवी व भारदस्त असता केवळ ५० टक्क्यांनी. प्रतिष्ठेपुढे जो संताप आवरतो तो प्रयत्नाने सर्वत्र आवरता येण्याजोगा आहे, असे मला यावरून निश्चित वाटते. आणि आपल्याकडे सायकलस्वार, रिक्षावाले, दुचाकीवरून मुलाला शाळेत पोहोचविणारी आई यांच्या वाट्याला जी अरेरावी येते तिचाही उलगडा यात होतो.

परंतु दुसऱ्याचा स्वभाव पालटणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते त्याच्या भांडणाला दुसरा पक्ष न मिळू देणे, आणि याला भित्रेपणा म्हणणे हा शुद्ध अविचार होय. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. संकट दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. अशा वेगात जो आपल्या मागे दोनचार मीटरवर चिकटून डिपर मारीत आहे, त्याला धडा शिकविण्यासाठी एकाएकी ब्रेक दाबणे म्हणजे आपल्या मागच्या आसनावरील माणसांचे प्राण पणाला लावणे. वेग हलके हलके कमी करावा, डावा इंडिकेटर द्यावा, जागा मिळताच डावीकडे सरकावे आणि त्याला जाऊ द्यावे. प्रवासात भर पडते ती काही सेकंदांची. उजवी लेन ओव्हरटेक करण्यासाठी असते, तीत निवांत रेंगाळून आपणच कोणाच्या रागाला निमित्त होऊ नये. ओव्हरटेक करणाऱ्याला अडविण्यासाठी आपला वेग वाढविण्यास तर नियमांचीच मनाई आहे.

गाडी आडवी घालून कोणी 'उतर खाली' म्हणू लागला, तर त्या क्षणी आपले संरक्षण आपल्या बंद दारांत असते, म्हणून उतरू नये. दारे लॉक करावी, काचा वर घ्याव्या, त्याच्या नजरेला नजर देऊ नये, हातवारे करू नयेत आणि ११२ क्रमांक फिरवावा. चूक आपली असेल तर हात उंचावून ती मान्य करण्याने पुष्कळ वेळा अर्धा राग तिथेच ओसरतो. सिग्नलला थांबताना पुढील गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर नेहमी राखावे, म्हणजे प्रसंगी वळून निघण्यास वाव राहतो. कोणी पाठलाग करीत असल्यास घराकडे मुळीच वळू नये, कारण मग घराचा पत्ताच त्याच्या हाती जातो. पोलीस ठाणे, टोलनाका, वर्दळीचा पेट्रोल पंप अशा ठिकाणी गाडी न्यावी. दुचाकीस्वाराला दारेही नसतात आणि काचाही, तेव्हा त्याने तर लवकरात लवकर माणसांच्या गर्दीत जावे आणि वाद शमेपर्यंत हेल्मेट डोक्यावरच ठेवावे.

सोडून द्यावे याचा अर्थ दाद मागू नये असा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, धोकादायक वाहन चालविण्याच्या पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे; बेदरकारपणे वाहन हाकणे, वाट अडविणे, धमकावणे हे भारतीय न्याय संहितेनुसारही गुन्हेच आहेत. तक्रार टिकते ती पुराव्यावर. वाहनाचा क्रमांक, रंग, वेळ आणि जवळचा किलोमीटरचा दगड सहप्रवाशाने लगेच टिपून ठेवावा, आणि गाडीत डॅशकॅम असेल तर त्यातील चित्रण पुढच्या प्रवासात पुसले जाण्यापूर्वी वेगळे काढावे. महामार्गावर आपण नेमके कोणत्या ठाण्याच्या हद्दीत होतो हे प्रवाशाला बहुधा कळत नाही आणि त्या संभ्रमातच पुष्कळ तक्रारी विरून जातात. परंतु १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठविता येते, मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते.